वाटाण्याएवढा पाटकरी
पीयूषिका ग्रंथी, संप्रेरके आणि त्यांच्या गाठींची हुशार उलटतपासणी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या वाचकांना पाटाचे पाणी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीने खाली येते, संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापाशी अडते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी शेतांकडे निघते. किती पाणी सोडायचे ते कार्यालयात ठरते. तो हुकूम दरवाजावरच्या पाटकऱ्याकडे जातो. तो दरवाजा उचलतो, पाणी चारीला लागते, आणि शेवटच्या शेताला पाणी पोचल्याची खबर मागे आली की दरवाजा पुन्हा खाली येतो. खबर मागे येणे हा या व्यवस्थेचा प्राण आहे. ती आली नाही तर एक तर शेते उपळतील, नाही तर वाळतील.

आपल्या शरीरातही अगदी अशीच व्यवस्था आहे. मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचा भाग आहे, ते झाले कार्यालय. त्याच्या खाली एका बारीक देठाला लोंबकळणारी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, हा पाटकरी. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडात घोड्याच्या खोगिरासारखी एक खोबण असते, तिच्यात ही ग्रंथी सुरक्षित बसलेली असते. तिने सोडलेली संप्रेरके म्हणजे हॉर्मोन्स रक्तातून दूरवर जातात आणि गळ्यातील अवटू ग्रंथी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, तसेच प्रजननाच्या ग्रंथी यांना कामाला लावतात.

आता समजा, या साखळीत कोठे तरी एक गाठ झाली आणि ती कोणाचाही हुकूम न घेता संप्रेरक सोडू लागली. मग काय होईल? पाटकरी काय करील? आणि पाटकऱ्याचे वागणे पाहून गाठ नेमकी कोठे आहे हे डॉक्टरांना घरबसल्या, केवळ रक्ताच्या थेंबांवरून ओळखता येईल का? या लेखात तेच पाहायचे आहे.

पाटकऱ्याचे आठ हुकूम

पीयूषिकेचे दोन भाग असतात. पुढचा भाग सहा मुख्य संप्रेरके तयार करतो. वाढीचे संप्रेरक हाडे व स्नायू वाढवते. प्रोलॅक्टिन आईच्या स्तनांत दूध तयार करवते. टीएसएच अवटू ग्रंथीला जागे करते, एसीटीएच अधिवृक्क ग्रंथीला. उरलेली दोन, एफएसएच व एलएच, प्रजनन ग्रंथींना हुकूम देतात.

मागचा भाग स्वतः काही तयार करत नाही. अधोथॅलॅमसने पाठवलेली दोन संप्रेरके तो साठवतो आणि वेळ आली की सोडतो. त्यातले एक मूत्रातून जाणारे पाणी वाचवते. दुसरे ऑक्सिटोसिन. त्याचा परिणाम तुम्ही गोठ्यात रोज पाहता. वासरू कासेला लागले की गाय पान्हा सोडते ना? वासराने ढुशी दिली की तिची संवेदना मेंदूकडे जाते, पीयूषिकेतून ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेतील दूध खाली उतरते. दूध तयार करणे हे प्रोलॅक्टिनचे काम आणि ते उतरवणे हे ऑक्सिटोसिनचे, हा फरक लक्षात ठेवा.

पहिला नियम : दुसरीकडून पाणी आले की दरवाजा बंद

सर्वांत सोपे उदाहरण अवटू ग्रंथीचे. टीएसएच ही तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते. निरोगी माणसात तिचा आकडा साधारण ०.४ ते ४ या दरम्यान असतो. समजा, अवटू ग्रंथीत एक गाठ झाली आणि ती स्वतःच्या मर्जीने थायरॉक्सिन सोडू लागली. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी चारीत सोडून ती काठोकाठ भरली. पाटकऱ्याला खबर जाते, 'चारी तुडुंब आहे.' तो बिचारा दरवाजा पूर्ण खाली करतो. रक्तात थायरॉक्सिन वाढलेले आणि टीएसएच जवळजवळ शून्य, असे चित्र दिसते.

येथे एक गंमत पाहा. टीएसएच शून्यावर आले म्हणून पीयूषिका आजारी आहे असे नाही. उलट ती आपले काम चोख करत आहे. आकडा पाटकऱ्याचा बिघडला, पण दोष शेतातला!

याच्या उलट, क्वचित प्रसंगी गाठ पीयूषिकेतच होते आणि टीएसएच सोडत राहते. तेव्हा थायरॉक्सिन वाढलेले असूनही टीएसएच खाली येत नाही. ते नुसते 'नॉर्मल' असले तरी संशय घ्यावा लागतो, कारण अशा वेळी ते शून्याजवळ असायला हवे होते. म्हणून संप्रेरकाचा एकटा आकडा कधी वाचू नये. हुकूम आणि त्याचे फळ, अशी जोडी नेहमी मिळून वाचावी.

कुशिंग यांचे कोडे

या जोडीचा खरा कस लागतो तो अधिवृक्क ग्रंथीच्या बाबतीत. एसीटीएचचा हुकूम मिळाला की ही ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सोडते. आजारपण, उपवास, अपघात अशा संकटांना तोंड देताना कॉर्टिसॉलवाचून जगणे अशक्य असते. पण ते वर्षानुवर्षे जास्त राहिले तर शरीर पोखरून निघते. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल होतो, पोटावर व मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र काटकुळे होतात. पोटावर जांभळट पट्टे उठतात, जरा धक्का लागला तरी काळे-निळे डाग पडतात, जिना चढताना मांड्या गळून जातात. रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते.

हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदांनी १९१२ साली पीयूषिकेच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात २३ वर्षांच्या अशा एका तरुणीची हकीकत आहे. पुढे १९३२ साली त्यांनी अशा १२ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि या साऱ्या गडबडीच्या मुळाशी पीयूषिकेतील एक चिमुकली गाठ असू शकते असे सांगितले. पुष्कळदा ही गाठ एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीने सारा देह बदलून जावा, हे त्या काळी अनेकांना पटणे कठीण होते.

परंतु जादा कॉर्टिसॉल नेहमी पीयूषिकेमुळेच येते असे नाही. तीन ठिकाणे संशयित असतात. एक, पीयूषिकेतील एसीटीएच सोडणारी गाठ. दोन, अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल सोडणारी गाठ. तीन, फुप्फुसासारख्या भलत्याच जागी झालेली आणि एसीटीएच सोडणारी गाठ. रुग्ण तिन्ही वेळा सारखाच दिसतो. शस्त्रक्रिया मात्र एकात नाकावाटे, दुसऱ्यात पोटात आणि तिसऱ्यात छातीत करावी लागते. चुकीचे ठिकाण निवडले तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करा.

बहिरा की कानाने जड?

येथे डॉक्टर पाटकऱ्याची परीक्षा घेतात. पहिली पायरी अशी : रात्री ११ वाजता रुग्णाला डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडची एक मिलिग्रॅमची गोळी देतात. निरोगी पीयूषिकेला वाटते की कॉर्टिसॉल भरपूर आहे. ती एसीटीएच बंद करते, आणि सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्याही खाली उतरलेले आढळते. ते उतरले नाही, तर कोठे तरी कोणी तरी हुकूम मोडत आहे हे कळते. हा निकाल इतर एक-दोन चाचण्यांनी पक्का करून घेतात.

दुसरी पायरी एसीटीएच मोजण्याची. ते अगदी कमी असेल तर गुन्हेगार अधिवृक्क ग्रंथीत आहे, कारण पाटकऱ्याने दरवाजा बंद केला आहे. ते कमी नसेल तर पाटकरीच बिघडला आहे, किंवा भलत्या जागी कोणी तरी खोटा दरवाजा उघडला आहे.

तिसरी पायरी सर्वांत मजेदार. पीयूषिकेतील गाठ बहुधा ठार बहिरी नसते, ती कानाने जड असते. हळू सांगितले तर ऐकत नाही, ओरडून सांगितले तर थोडे ऐकते. म्हणून डेक्सामेथासोन आठ मिलिग्रॅम दिले की पुष्कळ रुग्णांत कॉर्टिसॉल चांगले उतरते. फुप्फुसातील गाठ मात्र बहुधा ओरडूनही ऐकत नाही. पण 'बहुधा' या शब्दावर शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून शंका उरली तर मांडीतील शिरेतून बारीक नळ्या थेट कवटीच्या तळापर्यंत नेतात, पीयूषिकेचे रक्त जेथून बाहेर पडते तेथे दोन्ही बाजूंचे नमुने घेतात आणि त्याच वेळी हाताच्या रक्ताचाही. पीयूषिकेजवळ एसीटीएच हातापेक्षा दुपटीहून अधिक असेल तर ते तेथूनच येत आहे असे ठरते. पाणी कोठून येते हे पाहण्यासाठी आपण पाटाच्या काठाने वर वर चालत जातो, तसेच हे.

महाराष्ट्रात या विकारांचा अभ्यास प्रामुख्याने मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात झाला. १९२६ साली सुरू झालेल्या या पालिका रुग्णालयाच्या अंतःस्रावी विभागाने कुशिंगच्या रुग्णांविषयीचे आपले अनुभव अनेक शोधनिबंधांतून मांडले आहेत. डॉ. नलिनी शहा यांनी या विभागाची धुरा दीर्घकाळ सांभाळली.

थेंबातला कण मोजायचा कसा?

रक्तातील एसीटीएच पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतके सूक्ष्म मोजमाप शक्य केले ते सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो या अमेरिकन संशोधकांनी. त्यांची युक्ती एस.टी.च्या गाडीवरून समजेल. प्रतिपिंडे म्हणजे गाडीतल्या मोजक्या जागा. त्यांवर बसायला किरणोत्सर्गी खूण केलेले संप्रेरक आणि रुग्णाच्या रक्तातले संप्रेरक यांची झुंबड उडते. रुग्णाचे संप्रेरक जितके जास्त, तितके खूणवाले कमी बसतात. बसलेल्यांचा किरणोत्सर्ग मोजला की उत्तर मिळते. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ साली, निवर्तले होते. त्याच वर्षी त्या पारितोषिकात रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली हे भागीदार होते. लाखो मेंढ्यांचे व डुकरांचे मेंदू तपासून अधोथॅलॅमस पीयूषिकेला कोणत्या रासायनिक चिठ्ठ्या पाठवतो, हे त्यांनी शोधले होते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने परळ येथे १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारले, तेथे अशा मापनांवर काम झाले. आता बहुतेक ठिकाणी किरणोत्सर्गाऐवजी प्रकाश देणारी रसायने वापरतात, पण प्रतिपिंडांचा उपयोग कायम आहे.

नमुना मात्र जपावा लागतो. एसीटीएच रक्तात झपाट्याने नष्ट होते. म्हणून नळी बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत न्यावी लागते. उन्हात एस.टी.ने चार-पाच तास प्रवास केलेला नमुना खोटेच कमी एसीटीएच दाखवील, आणि पीयूषिकेतला गुन्हेगार सुटून अधिवृक्क ग्रंथीवर आळ येईल!

दुसरा नियम : शेजाऱ्यांची मुस्कटदाबी

पीयूषिकेतील गाठी बहुतेक सौम्य असतात, म्हणजे कर्करोगासारख्या शरीरभर पसरत नाहीत. पण खोबण लहान. गाठ मोठी झाली की शेजारच्या निरोगी पेशी दबतात. मग एक संप्रेरक उतू चाललेले आणि बाकीची आटलेली, असे विचित्र चित्र दिसते. वर डोळ्यांचे चेतातंतू एकमेकांना ओलांडतात. त्यांवर दाब आला की समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. सायकल चालवताना बाजूने येणारी बैलगाडी न दिसणे हेही पीयूषिकेच्या गाठीचे लक्षण असू शकते.

प्रोलॅक्टिनचा कायदा तर सगळ्यांच्या उलटा आहे. इतर संप्रेरकांना अधोथॅलॅमस 'सोड' असे सांगतो. प्रोलॅक्टिनला मात्र डोपामिनच्या रूपाने अखंड 'थांब' असे सांगत असतो. आता कोणत्याही गाठीने तो बारीक देठ दाबला, तर 'थांब' हा निरोप पोचत नाही आणि प्रोलॅक्टिन थोडे वाढते. म्हणून प्रोलॅक्टिन किंचित वाढले म्हणजे ते त्याच गाठीतून येते असे समजू नये. आकडा २०० नॅनोग्रॅमच्या वर गेला तर मात्र प्रोलॅक्टिनचीच गाठ असण्याचा संभव मोठा. ही गाठ पीयूषिकेच्या संप्रेरक सोडणाऱ्या गाठींत सर्वांत जास्त आढळते. वाढलेले प्रोलॅक्टिन प्रजननाचे हुकूम रोखते. तरुणींची मासिक पाळी थांबते. पुष्कळ कुटुंबांत याचा दोष त्या मुलीच्या नशिबाला किंवा ग्रहांना दिला जातो. वस्तुतः डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांनी ही गाठ बहुधा शस्त्रक्रियेवाचूनच आक्रसते.

येथेही एक चकवा आहे. गाठ फारच मोठी असली, तर प्रोलॅक्टिन इतके असते की आधुनिक चाचणीतील प्रतिपिंडांच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कणांनी भरून जातात आणि यंत्र चक्क कमी आकडा दाखवते. जाणता तंत्रज्ञ मग नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा तपासतो. पातळ केल्यावर आकडा वाढतो! ताकात पाणी घातल्यावर ते घट्ट व्हावे, तसाच हा प्रकार.

शाळेचा उंचीचा तक्ता

वाढीच्या संप्रेरकाची गाठ वाढत्या वयात झाली तर मूल ताडमाड वाढते. अमेरिकेतील रॉबर्ट वॉडलो (१९१८-१९४०) हा पीयूषिकेच्या अतिवाढीमुळे २७२ सेंटिमीटर उंच झाला आणि २२ व्या वर्षी वारला. हाडांची वाढ संपल्यावर गाठ झाली तर उंची वाढत नाही, पण हात, पाय, जबडा मोठे होतात. अंगठी बोटात जात नाही, चपलेचे माप वाढते. फ्रान्समधील पिएर मारी यांनी १८८६ साली या विकाराला ॲक्रोमेगॅली हे नाव दिले. याची परीक्षाही तशीच : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजले की निरोगी माणसाचे वाढीचे संप्रेरक खाली येते, गाठीचे येत नाही.

शिक्षकांसाठी येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. नेहमीचे लठ्ठ मूल वयाच्या मानाने बहुधा उंचही असते. पण जादा कॉर्टिसॉल असलेल्या मुलाचे वजन वाढते आणि उंची थांबते. हे डोळ्यांना कळत नाही, तक्त्याला कळते. दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून लिहिणाऱ्या शाळेच्या वहीत हा विकार मोठ्या यंत्रांच्या आधी सापडू शकतो. हे विकार दुर्मिळ आहेत हे खरे. युरोपातील पाहणीनुसार पीयूषिकेच्या कुशिंग रोगाचे दर वर्षी दहा लाख लोकांत एक-दोन नवे रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. तेच प्रमाण धरले तर जिल्ह्यात दर वर्षी पाच ते दहा माणसे. थोडी, पण प्रत्येकाला लवकर ओळखले तर वाचवता येण्यासारखी. पीयूषिकेची गाठ नाकावाटे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया हर्मान श्लोफर यांनी १९०७ साली केली. आता ती दुर्बिणीच्या साहाय्याने होते.

झोपलेला पाटकरी

गाठ निघाली म्हणजे सारे संपले असे नाही. अधिवृक्क ग्रंथीतील गाठ काढल्यावर कॉर्टिसॉल एकदम तळाला जाते. पाटकरी इतके महिने दरवाजा बंद करून झोपलेला असतो, आणि हुकूमच नसल्याने दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथीही आक्रसलेली असते. त्यांना जागे व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. तोपर्यंत रुग्णाला गोळ्यांतून कॉर्टिसॉल द्यावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाटकऱ्याला झोपवायला गाठच लागते असे नाही. बाहेरून घेतलेले स्टेरॉइडही तेच करते. दम्यासाठी, संधिवातासाठी, त्वचेच्या विकारांसाठी ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वरदान आहेत. पण सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्यांत किंवा 'वजन वाढवणाऱ्या' गोळ्यांत ती लपलेली असली, तर आजीचा चेहरा गोल होतो, भूक वाढते, घरच्यांना वाटते तब्येत सुधारली. एके दिवशी पुडी संपते. झोपलेला पाटकरी उठत नाही. उलट्या, गळून जाणे, रक्तदाब कोसळणे, आणि त्यात एखादा साधा ताप आला तर जीवही जाऊ शकतो. म्हणून महिनोन् महिने घेतलेले स्टेरॉइड कधीही आपल्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. आणि दवाखान्यात गेल्यावर घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, पुडी, मलम दाखवावे.

सांगा पाहू!

पुढील चारही काल्पनिक रुग्णांचा चेहरा गोल झाला आहे. आकडे सरावासाठी घेतले आहेत. सकाळचे एसीटीएच साधारण १० ते ६० पिकोग्रॅम असते असे धरा. दोष कोठे आहे?

१) डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅमनंतर कॉर्टिसॉल १८, एसीटीएच ५ पेक्षा कमी.
२) १ मिलिग्रॅमनंतर कॉर्टिसॉल १८, ८ मिलिग्रॅमनंतर ५, एसीटीएच ७०.
३) १ मिलिग्रॅमनंतर कॉर्टिसॉल ४०, ८ मिलिग्रॅमनंतरही ३८, एसीटीएच ३००.
४) कोणतीही गोळी न देता सकाळचे कॉर्टिसॉल १ पेक्षा कमी; एसीटीएच ५ पेक्षा कमी.

उत्तरे : १) अधिवृक्क ग्रंथीतील गाठ. २) बहुधा पीयूषिकेतील, कानाने जड असलेली गाठ. ३) बहुधा भलत्या जागची गाठ, छातीची तपासणी हवी. ४) येथे पुष्कळजण फसतात. चेहरा जादा कॉर्टिसॉलचा, पण रक्तात कॉर्टिसॉलच नाही! कृत्रिम स्टेरॉइडे चाचणीत कॉर्टिसॉल म्हणून बहुधा मोजली जात नाहीत, पण पाटकऱ्याला झोपवतात. या रुग्णाला पहिला प्रश्न विचारायचा तो असा, 'घरी कोणती पुडी चालू आहे?'